सिटॅकोसिसचा संशय, एसजीपीटी वाढलंय: डोलो आणि कॉम्बिफ्लॅम दोन्ही चालतील का?

दादर_पश्चिम:
बाबा ६४ वर्षांचे, वजन ५२ किलो. घरात बजरीगरांचा (छोट्या पोपटांचा) पिंजरा. ताप १०२, डोकं ठणकतंय, कोरडा खोकला, जेवण जवळपास बंद. डॉक्टरांनी सिटॅकोसिस (पक्ष्यांपासून होणारा फुफ्फुसाचा संसर्ग) धरून डॉक्सिसायक्लिन १०० सकाळ-संध्याकाळ दिलंय. एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम, रक्ततपासणीत) ९६. डेंग्यूचा रिपोर्ट उद्या येईल. सध्या दिवसाला डोलो ६५० चार, कॉम्बिफ्लॅम तीन, सर्दीच्या गोळ्या दोन, शिवाय अ‍ॅसिडिटीसाठी जेलुसिल. काय थांबवू?

गोळी_पाहून_घ्या:
कॉम्बिफ्लॅम आणि सर्दीची गोळी आत्ताच बंद. हिशेब बघा: डोलो म्हणजे पॅरासिटामॉलच, त्याचे २६०० मिलिग्रॅम. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० सोबत पॅरासिटामॉल ३२५ असतं, तिघांचे ९७५. सर्दीच्या गोळीच्या पाकिटामागे ५०० लिहिलं असेल तर आणखी १०००. झाले ४५७५ मिलिग्रॅम! धडधाकट माणसाची कमाल मर्यादा ४०००. वजन कमी, पोटात अन्न नाही आणि यकृतावर आधीच ताण, अशा वेळी बहुतेक डॉक्टर २००० च्या आत ठेवतात.

पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो. यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं संरक्षक द्रव्य ते निकामी करतं, पण उपाशी माणसात आणि रोज दारू घेणाऱ्यात त्याचा साठा आटलेला असतो. टीबीची आयसोनियाझिड चालू असेल तरी धोका वाढतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून बरं वाटतंय यावर विसंबू नका. किती दिवस किती गोळ्या गेल्या ते आजच डॉक्टरांना फोनवर सांगा. एसजीपीटी, बिलिरुबिन (काविळीसाठी) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) पुन्हा करावं लागेल. पुढचा पॅरासिटामॉलचा डोस त्यांना विचारूनच.

परळ_फार्मसी:
वरच्याशी सहमत. डेंग्यू नाकारला जाईपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नकोच, रक्तस्रावाचा धोका असतो. निमेसुलाइड तर यकृतासाठी अजिबात नको.

आता जेलुसिल. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. मग ताप हटत नाही, की घरचे आणखी एक डोलो देतात. पेनकिलरने पोट जळतं, त्यावर पुन्हा जेलुसिल. हेच चक्र तोडायचं आहे. अँटासिड, दूध, कॅल्शियम, लोह यांपासून डॉक्सिसायक्लिन किमान दोन-तीन तास लांब. गोळी पेलाभर पाण्यासोबत, बसून. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

दादर_पश्चिम:
एसजीपीटी ९६ म्हणजे गोळ्यांनीच झालं का?

गोळी_पाहून_घ्या:
एकट्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही. सिटॅकोसिसमध्येही एन्झाइम्स थोडी वाढतात. पॅरासिटामॉलचा खरा तडाखा बसला की आकडा हजारांत जातो. लघवी गडद, डोळे पिवळे, सतत उलट्या किंवा गुंगी दिसली, तर फोनवर थांबू नका, थेट इमर्जन्सीत न्या. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचं औषध एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन जितकं लवकर सुरू होईल तितकं यकृत वाचतं.

परळ_फार्मसी:
डॉक्सिसायक्लिन नीट पोचलं तर ताप साधारण दोन दिवसांत उतरायला लागतो. तेवढ्यात उतरला नाही तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा, आणि ताप गेला तरी कोर्स अर्धवट सोडू नका. पिंजरा बाबांना साफ करू देऊ नका. करणाऱ्याने एन-९५ लावून विष्ठा आधी ओली करावी, सुकी झाडू नये.