मदत हवी आहे: स्नायूंच्या सिग्नलवर चालणारा कृत्रिम हात टेबलावर ऐकतो, उभं राहिलं की ऐकत नाही

मंडळी,

माझ्या आतेभावाचा उजवा हात चाकणला प्रेस मशीनमध्ये सापडला आणि कोपराखाली काढावा लागला. जखम भरली आहे, स्टंप, म्हणजे उरलेला हात, बऱ्यापैकी लांब आहे. आता कोणता हात बसवायचा यावर घरात दोन तट पडलेत. एका तटाला खांद्याच्या केबलने चालणारा साधा हुक पुरेसा वाटतो. दुसऱ्या तटात मी एकटाच आहे.

मी मशीन लर्निंगवर पोट भरतो, पण बँकेच्या व्यवहारांतल्या. हातापायांशी कधी संबंध आला नव्हता. वाचून एवढं कळलं की बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. त्यामुळे बोटं गेली तरी 'मूठ वळ' म्हटलं की त्याचे स्नायू आवळतात आणि त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला तो सिग्नल, म्हणजे ईएमजी, मिळतो. साध्या मायोइलेक्ट्रिक, म्हणजे या सिग्नलवर मोटरने चालणाऱ्या, हातात दोनच इलेक्ट्रोड असतात, एक मूठ मिटायला, एक उघडायला. मनगट फिरवायचं तर दोन्हीकडचे स्नायू एकदम आवळून मोड बदलायचा. चाचणीत भाऊ याला जाम वैतागला.

म्हणून मी पॅटर्न रेकग्निशनच्या, म्हणजे अनेक इलेक्ट्रोडच्या सिग्नलांची एकत्र ठेवण पाहून हालचाल ओळखण्याच्या, मागे लागलो. शिकागोच्या कोॲप्ट कंपनीची अशी प्रणाली 2013 पासून बाजारात आहे. घरी सेन्सर आणून आठ चॅनलचा, म्हणजे आठ ठिकाणचे सिग्नल घेणारा, पट्टा केला, सेकंदाला 1000 नमुने, 200 मिलिसेकंदांच्या खिडक्या (सिग्नलचे तुकडे). हजिन्स वगैरे संशोधकांनी 1993 साली सुचवलेली सिग्नलची साधी मापं आणि वर एलडीए ही हालचालींचे वर्ग ओळखणारी साधी पद्धत. मूठ, उघडणं, चिमूट, मनगट आत, मनगट बाहेर आणि विश्रांती असे सहा वर्ग. भाऊ टेबलावर कोपर टेकून बसला की अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर. उभा राहून फळीवरचा डबा काढायला हात उचलला की चिमटीची मूठ होते. घाम आला की वेगळंच. पट्टा काढून पुन्हा बांधला की सगळं मुळापासून. न्यूरल नेटवर्क लावून पाहिलं, आकडा वाढला, डब्याचे हाल तेच.

हे सुधारण्यासारखं आहे का, की दोन इलेक्ट्रोडवर यावं? पुण्या-मुंबईत दाखवायचं कुठे?

प्रतिसाद १

आधी एक विचारते: अचूकता काढताना खिडक्या सरमिसळ करून शिकवणं आणि चाचणी यांत वाटल्यात का? खिडक्या एकमेकींवर चढलेल्या असतील तर शेजारची खिडकी शिकवण्यात आणि तिची जुळी चाचणीत जाते, आकडा फुगतो. सकाळच्या सत्रावर शिकवा, पट्टा काढून संध्याकाळी पुन्हा बांधून तपासा. तो आकडा खरा.

दुसरं, सगळ्या चुका सारख्या धरू नका. मूठ मिटली नाही तर माणूस पुन्हा प्रयत्न करतो, चहाचा कप धरलेला असताना मूठ उघडली तर पोळतो. खात्री कमी असेल तेव्हा हाताने काहीच करू नये असा उंबरठा ठेवा. आणि हो, शरीराला इलेक्ट्रोड लावलेले असताना लॅपटॉप चार्जरवर नको, बॅटरीवरच. सुरक्षितता पहिली, शिवाय 50 हर्ट्झची गुणगुण कमी होते.

प्रतिसाद २

प्रॉस्थेटिस्ट (कृत्रिम हातपाय बसवणारा) आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. हात उचलला की स्टंपवरचा भार बदलतो, इलेक्ट्रोडखाली स्नायू सरकतात, सिग्नल बदलणारच. खाली, समोर, डोक्यावर, हातात वजन धरून, अशा सगळ्या स्थितींतला डेटा घ्या. पट्ट्यावर फार वेळ घालवू नका. सॉकेट (स्टंपवर चढणारा कृत्रिम हाताचा पोकळ भाग) नीट बसलं आणि इलेक्ट्रोड त्यात पक्के असले तर निम्मी भांडणं मिटतात. पुन्हा शिकवायची सोय त्याच्या स्वतःच्या हाती हवी, तुम्ही घरी नसताना तो काय करणार?

हुकला हसू नका. हलका, धुळीत-पाण्यात चालणारा, केबलच्या ताणावरून पकड किती घट्ट आहे ते खांद्याला कळतं. 2007 च्या एका मोठ्या आढाव्यात प्रौढांमधले साधारण चौथा हिस्सा लोक हात वापरणं सोडून देतात असं दिसलं, आणि विजेच्या हातांचं प्रमाण केबलवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, तिथे नागरिकांनाही घेतात. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. दोन्हीकडे दाखवा. त्याआधी भावाला विचारा, या हाताने त्याला काय काय करायचंय.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सत्रं वेगळी करून तपासलं, आकडा धाडकन खाली आला. निदान डब्याशी जुळला.

भावाला विचारलं. जेवण आता डाव्या हाताने जमतं म्हणाला. त्याला हवंय ते एवढंच: डाव्या हाताने स्क्रू पिळताना वस्तू घट्ट धरून ठेवणं, बाजाराची पिशवी, आणि मुलीला सायकल शिकवताना सीटमागे पकड. चिमूट यादीत नाहीच. मनगटही एकदा वळवून ठेवलं की चालेल म्हणतो, मोटर नको.

मग वर्ग उरले तीन: मिटणं, उघडणं, विश्रांती. एवढ्यासाठी आठ चॅनल ठेवावेत का? आणि ईएसआयमधून (कामगार विमा) कोणाला मायोइलेक्ट्रिक हात मिळाला आहे का, की तिथे हुकच देतात? त्याचं कार्ड चालू आहे. कोणाचा अनुभव असेल तर कागदपत्रं काय लागली तेही लिहा.