खोल खनिजं शोधायला आधी सिस्मिक करावं की थेट ड्रिलिंग?

कातळवाट
2023 मध्ये खाण कायदा बदलला, सोनं, तांबं, जस्त, निकेल, कोबाल्ट धरून 29 खनिजांसाठी एक्सप्लोरेशन लायसन्सची सोय झाली, पण चर्चा सगळी किती मीटर ड्रिलिंग होणार यावरच. माझं मत सरळ आहे. पाचशे मीटरच्या खाली जायचं असेल तर आधी सिस्मिक रिफ्लेक्शन करा. जड ट्रकने जमीन थरथरवायची, खडक बदलतो तिथून लाटा परततात, त्या जमिनीवर मांडलेल्या जिओफोनवर (थरथर टिपणाऱ्या उपकरणांवर) पकडायच्या आणि परतायला किती वेळ लागला त्यावरून खालचे थर, भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या भेगा), घड्या यांचं चित्र काढायचं. तेलवाले हे कधीपासून करतायत. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या पट्ट्यात 1980 च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर झालं आणि खूप खोलवरचे भ्रंश खाण तिथे पोचायच्या आधीच कळायला लागले. नाहीतर मग पाणाड्याने हातावर नारळ ठेवून विहिरीची जागा सांगायची तसंच आहे हे, फक्त इथे बोअर दीड-दोन किलोमीटरची.

खाणकरी
दादा, विटवॉटर्सरँड इथे लावताना जरा सांभाळून. तिथले थर कमी उताराचे आणि लांबवर पसरलेले आहेत. आपल्याकडे कर्नाटकात कोलारची चॅम्पियन रीफ, म्हणजे सोनं असलेला पट्टा, जवळपास उभी, 3 किलोमीटरच्या खाली गेलेली, हट्टीच्या शिराही तशाच तीव्र उताराच्या. उभ्या पृष्ठभागावर आदळलेली लाट सरळ वर येत नाही, बाजूला निघून जाते. दुसरं म्हणजे, कठीण खडकात लाटेचा वेग सेकंदाला 6000 मीटर धरा, वारंवारता 60 हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी झाली 100 मीटर, आणि साधारण तिच्या पाव भागाहून, म्हणजे 25 मीटरहून पातळ थराचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग वेगवेगळा दिसत नाही. सोन्याची शीर असते मीटर-दोन मीटर. ऑस्ट्रेलियात ऑलिम्पिक डॅम हे तांब्याचं ठिकाण 1975 मध्ये सापडलं ते गुरुत्व आणि चुंबकीय मोजणीच्या जोरावर, वर तीनशेहून जास्त मीटर खडक असताना. स्वस्तातलं ते आधी करा आणि उरलेले पैसे कोअरवर, म्हणजे बोअरमधून काढलेल्या खडकाच्या कांड्यांवर, घाला.

कातळवाट
सोनं दिसतं असं मी म्हटलेलंच नाही. विटवॉटर्सरँडला व्हेंटर्सडॉर्पचा लाव्हा जड आणि वेगवान, खालचा क्वार्टझाइट त्या मानाने हलका, तो सांधा ठळक दिसतो आणि सोन्याचा एक महत्त्वाचा रीफ नेमका त्याच सांध्यावर आहे. सांधा भ्रंशाने कुठे तुटलाय ते कळलं की खाणीचं निम्मं नियोजन झालं. आणि सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या खनिजांचे, साठे तर स्वतःच दिसू शकतात. त्यातल्या पायराइटची घनता पाण्याच्या 5 पटीच्या आसपास, लाटेचा वेग सेकंदाला 8000 मीटर, आजूबाजूचा खडक 2.7 आणि 6000, एवढा फरक लाटेला पुरेसा होतो. कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या हाफमाइल लेकला 1990 च्या दशकाच्या अखेरीस 3डी सिस्मिकमध्ये साधारण सव्वा किलोमीटरवर खूण दिसली, तिथे बोअर मारली, सल्फाइड लागलं. तो साठाही उताराचाच, पण लाट उताराच्या दिशेला फेकली जाते हे लक्षात घेऊन जिओफोन लांबपर्यंत पसरले तर ती सापडते.

मराठवाडी
महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर दोघांचंही अवघड आहे. आपल्या बहुतेक राज्यावर डेक्कन ट्रॅप, लाव्हाचे थरावर थर, मधे मुरमाड आणि लाल बोलचे (लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीसारखे) पट्टे, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी लाट परत फिरते, वरच्या वारंवारता तर आधीच मरतात. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी रासाटीत बोअर घेतली तेव्हा सुमारे 930 मीटर बेसाल्ट लागला आणि खाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना कठीण खडक. ती जाडी पक्की कळली बोअरनेच. त्यामुळे ट्रॅपखाली सिस्मिक हा प्रयोग म्हणून जरूर करा, पण त्यावर कुणी लायसन्सची बोली लावू नये.

अनघा_भंडारा
मी सिस्मिकच्या बाजूने, पण ते ट्रक आणि केबल कुणाच्या धानातून जाणार? सुगीनंतर बांध्या रिकाम्या असतात तेव्हाच काम काढा, प्रत्येक शेतकऱ्याला आधी विचारा, विहिरींचं पाणी आधी आणि नंतर मोजून कागद त्याच्या हातात द्या. एकदा विश्वास गेला की पुढची बोअरही होणार नाही.

खाणकरी
अनघाताईंचं शंभर टक्के बरोबर. कातळवाट, हाफमाइल लेक मान्य, पण तो घट्ट सल्फाइडचा गोळा होता, हट्टीसारख्या क्वार्ट्झच्या शिरेचं काय? माझी एकच अट. जुन्या बोअरची कोअर कोठारांमध्ये पडून आहे, तिच्यावर आधी वेग आणि घनता मोजा. दोन खडकांत फरकच नसेल तर त्या पट्ट्यात एकही ट्रक उतरवू नका.

कातळवाट
या अटीला मी तयार आहे. फरक निघाला तर मात्र पहिल्याच बोअरमध्ये जिओफोन सोडून तिथून उभ्या शिरांकडे बघायचं, कारण बाजूला गेलेली लाट तिथे पकडता येते. एवढं झाल्याशिवाय दुसऱ्या बोअरची जागा ठरवू नये.