लॉगआउटनंतर बॅक दाबलं की जुनं पान दिसतं

पिंपळगावकर:
आडतीच्या गाळ्यासाठी पीएचपीत हिशोबाचं पोर्टल आहे. कॉम्प्युटर एक, माणसं तीन. एकाने लॉगआउट केलं आणि दुसऱ्याने बॅकचा बाण दाबला की आधीच्या शेतकऱ्याची पट्टी (मालाच्या विक्रीचा हिशोब), उचल सगळं समोर. रिफ्रेश केलं तर मात्र लॉगिनचं पान येतं. सेशन_स्टार्टच्या (लॉगिनची ओळख चालू ठेवणारं पीएचपीचं फंक्शन) खाली 'कॅश-कंट्रोल: नो-कॅश' हे हेडरही (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) दिलंय. बॅक बटणच बंद करता येईल का?

गोदाकाठ:
बटणाच्या वाटेला जाऊ नका. रिफ्रेशला लॉगिन येतंय म्हणजे सर्व्हरवरचं सेशन संपलंय. दिसतंय ते ब्राउझरने ठेवलेलं पान.

गोची तुमच्या हेडरमध्येच आहे. नो-कॅश म्हणजे 'साठवू नको' नव्हे. 'साठव, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचार'. आणि बॅक दाबल्यावर ब्राउझर बहुधा विचारत बसत नाही. साठवूच नये यासाठी नो-स्टोअर लागतं. गंमत अशी, की मूळ सेटिंगवर सेशन_स्टार्ट ते स्वतःच पाठवतं! तुम्ही खाली तेच कॅश-कंट्रोल हेडर नुसत्या नो-कॅशसह पुन्हा दिलंत, पीएचपीने आधीचं पुसून तुमचं ठेवलं. ती ओळ उडवा. मग ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या (F12) नेटवर्क टॅबमध्ये रिस्पॉन्स हेडर बघा. तपासताना 'डिसेबल कॅश'वरची टिक काढा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.

फोटो, सीएसएस यांना नो-स्टोअर लावू नका, उगाच पोर्टल रखडेल.

सातपूर_एमआयडीसी:
बीएफकॅश (बॅक-फॉरवर्डसाठीचा ब्राउझरचा वेगळा साठा) राहिलं. त्यात अख्खं पान जावास्क्रिप्टच्या स्थितीसकट मेमरीत गोठवलेलं असतं. नो-स्टोअर असलेलं पान क्रोम पूर्वी त्यात घेत नसे. आता काही अटींवर घेतो आणि कुकी बदलली की टाकून देतो. म्हणून लॉगआउटला नुसतं सेशन_डिस्ट्रॉय पुरत नाही, कारण ते ब्राउझरमधली सेशनची ओळख, म्हणजे कुकी, काढत नाही. त्याच पाथ-डोमेनवर मागची तारीख देऊन सेटकुकीने ती पुसा. शिवाय जावास्क्रिप्टच्या पेजशो इव्हेंटमध्ये पर्सिस्टेड खरं आलं, म्हणजे पान बीएफकॅशमधून आलं, की रिलोड करा. जुनं पान क्षणभर दिसू शकतं, तेवढं धरून चाला.

पिंपळगावकर:
ओळ काढली, काम झालं. पण आता पट्टी सेव्ह करून पुढच्या पानावर गेलं नि बॅक दाबलं, की फॉर्म पुन्हा पाठवायचा का विचारतं. 'हो' म्हटलं तर पट्टी दोनदा!

गोदाकाठ:
पोस्टच्या (फॉर्म पाठवणारी विनंती) उत्तरात थेट पान दाखवताय. सेव्ह झाल्यावर 303 (दुसऱ्या पत्त्यावर वळवणारा कोड) देऊन पट्टीच्या गेट (नुसतं पान मागणारी विनंती) पत्त्यावर पाठवा. नुसत्या लोकेशन हेडरला पीएचपी 302 देतं, तेही चालतं. पण त्याखाली एक्झिट लिहाच, नाहीतर पुढचा कोड चालूच राहतो.