मामांचं फॉरवर्ड आणि मीनलची पगारस्लिप

अण्णामामा: (फॉरवर्डेड) स्वीडनमध्ये श्रीमंतांकडून ७० टक्के टॅक्स घेतात आणि गरिबांना सगळं फुकट. आपल्याकडे मध्यमवर्गानेच मरायचं. पटलं तर पुढे पाठवा 🙏

सुधामावशी: अगदी खरं 👍

मीनल गॉथेनबर्ग: अहो मामा, इथे स्वीडनमध्ये उलटं आहे. सरकारी तिजोरीत सगळ्यात मोठी भर आमच्यासारख्या पगारदारांचीच.

अण्णामामा: बरं, मग तुझे किती कापतात?

मीनल गॉथेनबर्ग: माझा आकडा ग्रुपवर नको 😄 महिना ४० हजार क्रोनर (इथलं चलन) पगार धरा. नगरपालिका आणि प्रांत मिळून आमच्या शहराचा दर ३२.६ टक्के. नोकरदाराला थोडी सूट मिळते, म्हणून हातात साधारण ३१ हजार पडतात. केंद्राचे आणखी २० टक्के फक्त पन्नास-पंचावन्न हजारांच्या पुढच्या पगारावर. शिवाय कंपनी वरून ३१.४२ टक्के भरते, पेन्शन-आजारपणासाठी. आणि दुकानात गेलं की बहुतेक गोष्टींवर २५ टक्के व्हॅट.

रोहन: गरिबालाही २५च?

मीनल गॉथेनबर्ग: त्यालाही. खाण्यापिण्यावर कमी आहे, पण साबण, कपडे, केस कापणं, सगळं २५.

सुधामावशी: बाई गं! मग लोक बोंबलत नाहीत?

मीनल गॉथेनबर्ग: बोंबलतात की. पण मावशी, माझ्या ओवीचं पाळणाघर बघ. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची, दुपारचं गरम जेवण तिथेच. पहिल्या मुलाला उत्पन्नाच्या ३ टक्के फी, तीही महिना १,७०० क्रोनरच्या आसपास थांबते. तिच्या वर्गात एका मोठ्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा आहे आणि बसड्रायव्हरची मुलगीही. पाळणाघर एकच. श्रीमंतालाही तेच मिळतं, म्हणून त्यालाही ते चांगलं चालायला हवं असतं. म्हणजे नुसतं "गरिबांना फुकट" असं नाही. बाळंतपणाची ४८० दिवसांची रजा आईबाप दोघांत. त्यातले ९० दिवस बापानेच घ्यायचे, नाही घेतले तर गेले.

शैलामामी: हे आमच्या वेळी असतं तर यांना दुपटी धुवायला लावली असती.

अण्णामामा: विषय भरकटवू नका. श्रीमंतांचं काय?

मीनल गॉथेनबर्ग: वारसा कर शून्य, संपत्ती कर शून्य. वारसा कर २००४ साली काढला तो डाव्या सोशल डेमोक्रॅट सरकारनेच. संपत्ती कर २००७ मध्ये उजव्यांनी. शेअर विकून नफा झाला तर साधारणपणे ३० टक्के. म्हणजे राबून कमावणाऱ्याच्या वरच्या पगारावर बावन्नच्या पुढे आणि पैशाने पैसा कमावणाऱ्यावर तीस. मला तर हे न्याय्य वाटत नाही.

रोहन: ताई, तसं करायला कारण होतं. फर्निचरवाल्या इकेआ कंपनीचे संस्थापक कॅम्प्राड १९७३ साली देश सोडून गेले ते २०१४ ला परतले. भांडवल पळतं, पगारदार कुठे पळणार? आपल्याकडेही १९७३-७४ मध्ये वरचा दर ९७.७५ टक्के होता. प्रामाणिकपणे भरत कोण होतं? एस्टेट ड्यूटी, म्हणजे आपला वारसा कर, तीही १९८५ ला गेलीच.

मीनल गॉथेनबर्ग: मग नॉर्वेचं काय? तिथे संपत्ती कर अजून आहे, सुमारे एक टक्का. २०२२ ला वाढवला तेव्हा रोक्के नावाचे उद्योगपती स्वित्झर्लंडला गेले. आरडाओरडा झाला, २०२५ च्या निवडणुकीत हाच मोठा मुद्दा होता. तरी कर ठेवणार म्हणणारे लेबर पार्टीवालेच जिंकले.

शैलामामी: नॉर्वेत म्हणे शेजाऱ्याचा टॅक्स बघता येतो?

मीनल गॉथेनबर्ग: येतो. पण २०१४ पासून कोणी बघितला ते शेजाऱ्यालाही कळतं.

शैलामामी: मग काय उपयोग 😂

सुधामावशी: स्थळं बघताना किती बरं पडेल पण.

रोहन: मामा, एक सांगा. माझ्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर जातो, फेब्रुवारीत ३००. तो कशाला?

अण्णामामा: हे मात्र मला विचार. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा खडी फोडायच्या कामावर मस्टर भरायला पाठवलं होतं. डोक्याला फडकी बांधलेल्या बाया, उन्हात ओळीने बसलेल्या. आठवड्याच्या पगाराला अंगठा द्यायच्या, शाईने बोटं निळी. ती रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, ७२ च्या दुष्काळात वाढली. पैसा कुठून आणायचा, तर १९७५ ला हा व्यवसाय कर लावला आणि त्यातून जेवढी रक्कम गोळा होईल तेवढीच सरकारनेही वर घालायची. मुंबईतल्या बाबूच्या पगारातून गावातल्या बाईची मजुरी.

मीनल गॉथेनबर्ग: मामा!! हे स्वीडनवाल्यांना सांगायला हवं. आणि तुम्ही ते फॉरवर्ड टाकताय?

अण्णामामा: टाकलं ते टाकलं. पण हे रोहनला आज माहीत नाही, कारण त्याच्या स्लिपवर नुसतं "पी.टी." लिहिलेलं असतं. ते २०० आता कुठे जातात?

रोहन: स्लिपवरून तरी कळत नाही.

मीनल गॉथेनबर्ग: इथेही स्लिपवर नसतं. पण बऱ्याच नगरपालिका छापतात, शंभर क्रोनरमधले शाळेला किती, म्हाताऱ्यांच्या देखभालीला किती, रस्त्यांना किती.

अण्णामामा: ते पाठव. इंग्रजीत असेल तरच. आणि सुधा, तू ते फॉरवर्ड पुढे कुठे पाठवलंस?

सुधामावशी: भजनी मंडळाच्या ग्रुपवर 🙈