विषय: जूनची सहल – वाटेत स्टोक रो?

सप्रेम नमस्कार मंडळी,

ऑक्सफर्डला जाताना तासभर स्टोक रोला थांबू या, अशी माझी मनापासून विनंती आहे. चिल्टर्नच्या टेकड्यांवरचं हे एवढंसं गाव, पण तिथे काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे.

एडवर्ड रीड हा शेजारच्या इप्सडेनचा, हिंदुस्थानात कंपनीचा अधिकारी. त्याने महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांना गावाकडची एक आठवण सांगितली होती: घरात उरलेलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बडवलं. महाराजांच्या मनात ते राहिलं. पुढे इंग्लंडात काही दानधर्म करावा असं वाटलं तेव्हा त्यांना तेच गाव आठवलं. 1863 साली खोदाई सुरू झाली, 1864 च्या मे महिन्यात विहीर गावाला खुली झाली. पाणी सगळ्यांना फुकट.

– माधवी

---

माधवी,

अगदी थांबू या. मी पाहिली आहे. खरं तर विहीर नव्हे, आडच म्हणायला हवा. रुंदी जेमतेम 4 फूट आणि खोली 368 फूट! सेंट पॉल कथीड्रलच्या उंचीपेक्षाही जास्त, आणि सगळी हातांनी खोदलेली. त्या अंधारात उतरलेल्या माणसांचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो. तिथली जमीन खडूच्या दगडाची, पाऊस पडला की थेट खाली झिरपून जातो, म्हणून इतकं खोल जावं लागलं. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांच्या विहिरीत आपण पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरतो. इथे नुसता दोर आणि रहाट.

मुलांना एक जरूर सांगा. 1857 मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते आणि रीड तेव्हा आग्र्याला मोठ्या हुद्द्यावर होता. दान खरं, पण काळही तो होता.

– काका

---

काका,

सांगूच. तुम्हीच सांगा, बसमध्ये.

घुमटाखालच्या रहाटावरचा सोनेरी हत्ती मुलांना शोधायला लावू. शिवाय विहिरीच्या देखभालीला पैसे मिळावेत म्हणून शेजारी चेरीची बाग लावली होती. तिचं नाव ‘इश्री बाग’, महाराजांच्या नावावरून. इंग्लंडच्या खेड्यात ‘बाग’ हा शब्द वाचून माझा ऊर भरून आला होता.

डबे तिथेच उघडू. पुरणपोळ्या मी आणते, दशम्या कोण आणणार?

– माधवी