एचवायजीतला शॉर्ट इंटरेस्ट : मंदीचा कौल की नुसती उसनवारी?

कूपनकापू (धागाकर्ता)

एचवायजी हा ब्लॅकरॉकच्या आयशेअर्स घराण्यातला फंड. २००७ पासून अमेरिकी बाजारात आहे. पोटात बेताची पत असलेल्या कंपन्यांचे हजारावर रोखे, आणि बाहेरून शेअरसारखी दिवसभर खरेदी-विक्री (अशा फंडाला ईटीएफ म्हणतात). या फंडात एकूण युनिटांच्या तुलनेत शॉर्ट इंटरेस्ट नेहमीच डोळ्यात भरण्याइतका मोठा असतो. म्हणजे कोणीतरी युनिटं उसनी घेऊन विकली आहेत आणि अजून परत केलेली नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. साध्या शेअरमध्ये २५ टक्के शॉर्ट दिसला की आपण सगळे कान टवकारतो. मग रोखे फंडात तोच आकडा दिसल्यावर "ते हेजिंग (दुसरीकडचा धोका झाकायला केलेला सौदा) असतं हो" म्हणून सोडून का द्यायचं? शॉर्ट धरून बसणं फुकट नाही. जो रोज पैसे मोजतोय, त्याचं काहीतरी मत असणारच.

तारणहार

मत असेल, पण ते मंदीचंच असेल असं नाही. आणि तो २५ टक्क्यांचा भागाकारच आधी तपासा.

समजा फंडाची १० कोटी युनिटं आहेत आणि ४ कोटी शॉर्ट आहेत. तुम्ही म्हणाल ४० टक्के. पण उसनं देणारा स्वतःला मालक समजतो आणि त्याच्याकडून आलेलं युनिट बाजारात ज्यानं विकत घेतलं तोही मालकच. म्हणजे खरीदलेल्या बाजूला १४ कोटी युनिटं आहेत आणि शॉर्टचा वाटा २८.६ टक्के. एक्सआरटी या किरकोळ विक्री क्षेत्राच्या ईटीएफात तर शॉर्ट १०० टक्क्यांच्या वर जाताना दिसला आहे. तिथे काही घोटाळा नव्हता. तेच युनिट दोनतीनदा फिरलं की असं होतं.

दुसरी गोष्ट, शेअरची संख्या ठरलेली असते, ईटीएफची नसते. उसन्या युनिटांची टंचाई झाली आणि भाडं चढलं की अधिकृत सहभागी दलाल रोख्यांची टोपली फंडाला देतो आणि बदल्यात युनिटांचा एक ठोक गठ्ठा घेतो (अनेक फंडांत ५०,००० किंवा १ लाखाचा). मग ती युनिटं उसनी देऊन भाडं कमावतो. गेमस्टॉप या शेअरसारखी कोंडी (शॉर्टवाल्यांना मिळेल त्या चढ्या भावानं परत घ्यावं लागणं) रोखे फंडात म्हणून सहसा होत नाही. अर्थात भावाच्या चढउताराचा धोका त्याला स्वॅपने (चढउताराच्या अदलाबदलीच्या कराराने) किंवा दुसरीकडे शॉर्ट करून झाकावा लागतो. त्याचा खर्च निघत असेल तरच तो हे करतो, त्यामुळे भाडं शून्यावर कधी येत नाही.

अर्धवटराव

रोज शॉर्ट व्हॉल्यूमचा जो आकडा येतो तोच ना हा? त्यात तर निम्म्याच्या आसपास शॉर्ट दिसतो!

तारणहार

नाही, आणि हीच गल्लत सगळ्यात जास्त होते. रोजचा आकडा म्हणजे त्या दिवशी किती विक्री "शॉर्ट" असा शिक्का घेऊन झाली. मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारा दलाल) आलेली खरेदी भागवायला आधी विकतो आणि तासाभरात परत घेतो. तेही त्यात मोजलं जातं.

शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे दिवसअखेर उरलेली उसनवारी. फिन्रा (अमेरिकेतली दलालांवर देखरेख ठेवणारी संस्था) तो महिन्यातून दोनदा घेते, मध्यावर आणि अखेरीस, आणि सेटलमेंटनंतर सातव्या कामकाजाच्या दिवशी प्रसिद्ध करते. १५ तारखेचं चित्र तुम्हाला २४-२५ च्या आसपास दिसतं. शिवाय मोजणी सेटल झालेल्या व्यवहारांची असल्यामुळे १५ तारखेला केलेला शॉर्ट त्यात येतच नाही. मे २०२४ पासून अमेरिकेत एका दिवसात सेटलमेंट होते, म्हणून निदान आता एकाच दिवसाचं अंतर राहतं.

कूपनकापू

भागाकार मान्य. मुद्दा सुटला नाही. पैसे कोण मोजतोय आणि का?

रोखेबाज

हिशोबच मांडू. भाव ८० डॉलर धरा, १०,००० युनिटं शॉर्ट, म्हणजे ८ लाख डॉलर. फंडाचं वाटप (युनिटधारकांना मिळणारं उत्पन्न) वर्षाला ६ टक्के धरलं तर शॉर्टवाल्याला ४८,००० डॉलर उसनं देणाऱ्याच्या पदरात टाकावे लागतात, दरमहा ४,०००. भाडं अर्धा टक्का म्हणजे आणखी ४,०००. विक्रीचे पैसे तारण म्हणून ठेवलेत, त्यावर मोठ्या संस्थेला ४ टक्के मिळाले तर ३२,००० परत. निव्वळ खर्च २०,०००, म्हणजे अडीच टक्के. वर्षभरात भाव दोन डॉलरनं पडला तर कुठे तुम्ही जिथल्या तिथे. किरकोळ खातेदाराला तारणावर व्याज सहसा मिळत नाही, त्याचा खर्च थेट साडेसहा टक्के.

आणि एक कृपा करा, "वाटपाच्या दिवशी भाव पडतो, म्हणून आदल्या दिवशी शॉर्ट करू" हे डोक्यातून काढून टाका. जेवढा भाव त्या कारणानं पडतो तेवढेच पैसे तुम्हाला भरायचे असतात.

एवढा खर्च सोसणारे बहुतेक जण दुसऱ्या बाजूला काहीतरी धरून असतात. एखाद्या विमा कंपनीकडे ५ कोटी डॉलरचे तसेच रोखे आहेत, ड्युरेशन (व्याजदर एक टक्का हलला तर भाव साधारण किती टक्के हलतो) ४. एचवायजीचं साधारण ३ धरा. तर ५ कोटी गुणिले ४ भागिले ३ म्हणजे ६.६७ कोटी डॉलरचा शॉर्ट, साधारण ८.३३ लाख युनिटं. एकेक रोखा विकायचा म्हटलं तर ग्राहक शोधायला आठवडा जातो, हे पाच मिनिटांत होतं. हा मंदीचा कौल नव्हे. तिच्याकडे रोखे आहेतच!

कूपनकापू

पण विमा तरी कधी काढतात? पाऊस येणार असं वाटतं तेव्हाच ना. हेजिंग *वाढणं* हीच बातमी आहे.

रोखेबाज

थोडं बरोबर. पण डीलरनं नवीन रोख्यांची इश्यू विकायला घेतली की त्याचा साठा वाढतो, आणि त्याबरोबर त्याचा शॉर्टही. रोखे काढणाऱ्या कंपन्यांसाठी तो सुगीचा काळ असतो. पाऊस नव्हे.

चक्रवाढ

ऑप्शनवाल्यांना विसरलात. कुणी १०,००० पुट (ठरल्या भावाला विकण्याचा हक्क) विकत घेतले, प्रत्येकी १०० युनिटांचे, डेल्टा (युनिटाचा भाव एक डॉलर हलला तर ऑप्शनचा किती हलतो) ०.३. विकणारा मार्केट मेकर ३ लाख युनिटं शॉर्ट करतो. आता दुसरं टोक पाहा. एखाद्या फंडानं हातातल्या युनिटांवर कॉल (ठरल्या भावाला घेण्याचा हक्क) विकले, चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. ते घेणारा मार्केट मेकरही शॉर्टच करतो. पहिल्यात मंदीची भीती, दुसऱ्यात "काही होत नाही" अशी निश्चिंती. फिन्राच्या कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

कूपनकापू

हे पटलं. पण मार्च २०२० च्या कोविड पडझडीचं काय? तेव्हा शॉर्टवाले बरोबर निघाले की.

तारणहार

कोणते शॉर्टवाले? चांगल्या पतीच्या रोख्यांचा एलक्यूडी तेव्हा निव्वळ मालमत्ता मूल्याच्या (पोटातल्या रोख्यांच्या किमतीच्या) जवळपास पाच टक्के *खाली* विकला जात होता. कारण रोख्यांचे कागदावरचे भाव पडझडीच्या मागे राहिले होते, ईटीएफचा भाव मात्र खरा होता. नेहमी दलाल युनिटं स्वस्तात घेऊन फंडाला परत करतो आणि मिळालेले रोखे विकून फरक खिशात घालतो. त्या आठवड्यात रोखे घेणारंच कोणी नव्हतं, म्हणून फरक मिटेना.

ज्यानं रोखे धरून युनिटं शॉर्ट केली होती त्याच्या वहीत शॉर्टचा नफा मोठा आणि रोख्यांचा तोटा लहान दिसत होता. मग २३ मार्चला फेडरल रिझर्व्हनं जाहीर केलं की कॉर्पोरेट रोखे आणि त्यांचे ईटीएफ आपण घेणार. फरक मिटायला लागला आणि तोच नफा उलटा फिरला. प्रत्यक्ष खरेदी १२ मे रोजी सुरू झाली, पण बाजार तोवर थांबला नाही. हेजच्या दोन टोकांत अशी फट पडते, आणि संकटात ती सगळ्यात रुंद होते.

अर्धवटराव

मग हा आकडा बघायचाच नाही का? गुंतवणूकदारानं काय करावं?

रोखेबाज

बघायचा, पण एकटा नाही. मी हे क्रमानं बघतो : उसनवारीचं भाडं, मग युनिटांची एकूण संख्या, मग सीडीएक्सच्या हाय-यील्ड निर्देशांकाचा स्प्रेड (कमी पतीच्या कंपन्यांच्या कर्जबुडीच्या विम्याचा दर). शॉर्ट वाढला, भाडं जागचं हललं नाही आणि युनिटंही वाढली, तर ती बहुधा नवी टोपली भरून उसनी दिलेली आहेत. दुर्लक्ष करा. शॉर्ट वाढला, युनिटं *घटली*, भाडं तिप्पट झालं आणि सीडीएक्सही रुंदावला, तर कूपनकापूंशी मी सहमत होईन.

"कव्हर करायला (शॉर्ट केलेली युनिटं परत विकत घ्यायला) किती दिवस" हा आकडाही सैल आहे. ३ कोटी शॉर्ट भागिले रोजची ४ कोटींची उलाढाल म्हणजे पाऊण दिवस. ही उलाढाल घबराटीत दुप्पट-तिप्पट होते, म्हणजे नेमकं भीतीच्या वेळी गुणोत्तर लहान दिसतं.

कूपनकापू

मी "कौल" ऐवजी "भाड्यासकट कौल" म्हणायला तयार आहे. पण भाडं पाहायला पैसे भरून डेटा घ्यावा लागतो, आणि शॉर्ट इंटरेस्ट फुकट मिळतो. म्हणूनच लोक त्याच्यावर एवढा जीव लावतात, नाही का?

चक्रवाढ

काही ब्रोकरांच्या खिडकीत भाड्याचा दर प्रत्येक शेअरसमोर दिसतो, फुकट. तेवढं बघितलं तरी अर्धं काम होतं.

अर्धवटराव

भारतात बसून एचवायजी शॉर्ट करता येईल का? एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात ना.

चक्रवाढ

मर्यादा बरोबर, वापर चूक. परदेशी एक्स्चेंजला किंवा तिथल्या ब्रोकरला मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) म्हणून, मार्जिन कॉल भागवायला म्हणून एलआरएसचे पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आणि शॉर्ट मार्जिन खात्याशिवाय होत नाही.