धाकट्या बहिणीला पॅनिक अटॅक येतात : गोळ्यांची सवय लागेल का?

प्रश्न

माझी धाकटी बहीण नोकरीसाठी डोंबिवलीहून दादरला लोकलने जाते. गेल्या पावसाळ्यापासून गाडीत तिची छाती अचानक धडधडू लागते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपण मरणार असे तिला वाटते. रुग्णालयात ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळे व्यवस्थित निघाले आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून तिला घरी पाठवले. आता ती जलद गाडीत चढतच नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डरचे निदान करून एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम या गोळ्या दिल्या आहेत. अशा गोळ्या जन्मभर सुटत नाहीत, असे आई म्हणते. तपासणीत काहीच निघत नसेल तर हा आजार आहे तरी कशाचा, आणि नुसत्या समुपदेशनाने भागणार नाही का?

प्रतिसाद १ (मानसोपचारतज्ज्ञ)

ताई, तपासण्या करून घेतल्या हे योग्यच झाले, कारण थायरॉइडचे किंवा हृदयाच्या लयीचे काही विकार अगदी असेच दिसतात. मात्र त्या व्यवस्थित आल्यानंतर ‘काही झालेले नाही’ असे सांगणे अपुरे आहे. संकटाच्या वेळी शरीरात जी यंत्रणा जागी होते, तीच इथे संकट नसताना जागी होते. अॅड्रेनालिनमुळे हृदय जोरात चालते, श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यामुळेच मुंग्या येतात, डोके हलके होते. ही लक्षणे म्हणजे हृदयविकाराचा झटकाच, असा अर्थ मनाने लावला की भीती वाढते आणि भीतीमुळे पुन्हा लक्षणे वाढतात. बहुतेक अटॅक दहाएक मिनिटांत कळसाला पोहोचून ओसरू लागतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 1980 साली या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी तो सर्वसाधारण चिंतेतच मोजला जात असे.

दोन्ही गोळ्यांना एकाच मापाने मोजू नये. क्लोनाझेपाम लगेच शांत करते, परंतु दीर्घकाळ रोज घेतल्यास तिची सवय लागू शकते, म्हणून ती थोड्या काळापुरतीच द्यावी, हे आईंचे म्हणणे तिच्याबाबतीत रास्त आहे. एस्सिटॅलोप्रामची तशी ओढ लागत नाही. तिचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते, म्हणून सुरुवात लहान मात्रेने करतात. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ जण ‘औषध मानवत नाही’ म्हणून ते सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवून मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे. एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोपेच्या तक्रारी उद्भवतात. बहीण पंचविशीच्या आतली असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे आणि तसे आढळल्यास डॉक्टरांना त्वरित कळवावे.

प्रतिसाद २ (समुपदेशक मानसशास्त्रज्ञ)

समुपदेशनाने भागेल का, याचे उत्तर कोणते समुपदेशन यावर अवलंबून आहे. नुसता धीर देणाऱ्या गप्पांनी हा विकार सहसा हटत नाही. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे भीती वाढवणारे विचार आणि टाळण्याची सवय बदलण्याचा उपचार, मात्र या विकारात परिणामकारक ठरलेली आहे. काही रुग्णांना औषधाविना तेवढी पुरते, काहींना दोन्ही लागतात.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘जलद गाडीत चढतच नाही’ हे आहे. गाडी टाळली की त्या दिवशी सुटका होते, पण ‘टाळले म्हणून वाचलो’ हा धडा मन घट्ट धरून बसते आणि पुढे धीम्या गाडीचीही भीती वाटू लागते. म्हणून उपचारात टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत जावे लागते. आधी गर्दी नसताना फलाटावर थांबायचे, मग धीम्या गाडीने कोपरपर्यंत जायचे, मग ठाण्यापर्यंत, आणि शेवटी जलद गाडीने दादरपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप उतरू लागेपर्यंत तिथेच राहायचे असते. उपचारकाच्या खोलीत मुद्दाम भराभर श्वास घेऊन किंवा जागीच धावून तीच धडधड निर्माण करण्याचा सरावही करून घेतला जातो, कारण ही संवेदना त्रासदायक असली तरी जीवघेणी नाही हे अनुभवानेच पटते.

प्रतिसाद ३

मी या आजारातून गेलेली आहे, म्हणून घरच्यांसाठी लिहिते. अटॅक चालू असताना ‘काही होत नाही गं, उगाच घाबरतेस’ हे वाक्य मला फार एकटे पाडत असे. शेजारी शांत बसून ‘हा अटॅक आहे, ओसरेल’ एवढे म्हणणारे माणूस पुरेसे होते. अडीअडचणीला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरली आहे. बहीण क्लोनाझेपामची गोळी न घेताही सतत पर्समध्ये बाळगते आणि ती नसेल तर घराबाहेर पडत नाही. हे चालेल का?

प्रतिसाद १ (मानसोपचारतज्ज्ञ)

सुरुवातीला चालेल, पण ही गोष्ट उपचारकाला अवश्य सांगा. गोळी जवळ होती म्हणूनच निभावले, असे वाटत राहिले तर प्रवास करूनही विश्वास गोळीवरच बसतो. त्यामुळे ती घरी ठेवून जाणे ही पायऱ्यांतलीच एक पायरी धरावी, आणि तिची वेळ बहिणीने व उपचारकाने मिळून ठरवावी. घरच्यांनी पर्समधून गोळी परस्पर काढून घेऊ नये.